चिंचेनं घासलेलं पितळ

रायफलच्या दस्त्यामागच्या पितळी पट्टीत मला माझी टिकली स्पष्ट दिसली. ऐंशी वर्षं जुन्या पितळेवर काळपट तपकिरी थर असायला हवा.

आखातातल्या रिफा शहरात राहणाऱ्या यूसुफसाहेबांची ही रायफल दुसऱ्या महायुद्धातली, वडिलांनी जपलेली. जुफैरच्या एका संग्राहकाला ती हवी होती, पण मूळ स्थितीत असेल तरच. विकावी की ठेवावी, हे साहेबांचं कित्येक महिने ठरत नव्हतं. मी तुबलीच्या लॅबमध्ये धातू तपासते, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

नळीवरचा आणि बोल्टवरचा नंबर जुळला. लाकूडही त्या काळातलंच होतं. फक्त पितळ पटेना.

"ही पट्टी कुणी घासली?"

चहा घेऊन आलेल्या रत्नाबाई थबकल्या. या घरातला स्वयंपाक त्याच करतात.

"मीच, ताई. दसऱ्याला काळंकुट्ट शस्त्र पूजायचं होय? दरवर्षी चिंच लावून घासते. का, बिघडलं काय?"

मी साहेबांना हिंदीत खरं ते सांगितलं. रायफल अस्सल आहे, पण दरवर्षीच्या चिंचेनं मूळ थर गेलाय आणि तो परत येणार नाही. संग्राहक बहुधा नको म्हणेल, तरी विचारून बघता येईल.

रत्नाबाईंचा चेहरा उतरला. साहेब पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले आणि मग मोठ्यानं हसले.

"मेरे बाप की बंदूक को इमली खिलाती है तू? मैंने तो कभी धूल भी नहीं पोंछी."

मी विचारलं, "तो उनको फोन करें?"

"नहीं. खलास," ते म्हणाले. "ये नहीं बेचूँगा."