पायांनी पक्की केलेली चाल

मी एक जुना डबल बास आहे. मित्रांनो, मला व्हायोलिनचा लठ्ठ काका समजून हसू नका. एका हट्टी कारागिराने वर्षानुवर्षे वाळवलेल्या लाकडातून मला घडवले. माझ्या बाजूच्या पट्ट्या वाकवताना दोन तडकल्या, तेव्हा तो दिवसभर जेवला नव्हता म्हणे.

मला घेतले ते मास्तरांनी. तेव्हा त्यांना कोणी मास्तर म्हणत नसे. हॉटेलांत जॅझ वाजवणारे ते एक किडकिडीत तरुण होते. आम्ही जिना चढू लागलो की कोण कोणाला नेतोय हे शेजाऱ्यांना कळत नसे. टाळ्या पडत त्या सॅक्सोफोनला. पण मी दोन ठोके थांबलो, की अख्ख्या बँडचे धाबे दणाणत असे. मला याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

पुढे मास्तर स्वतः चाली रचू लागले, संगीतशाळेत शिकवू लागले. मग त्यांची बोटे आखडली. डॉक्टरांनी वाजवणे बंद करायला सांगितले, तेव्हा एक नवी चाल नुकतीच कागदावर उतरली होती. ती आपल्याला कधी ऐकायलाच मिळणार नाही, या विचाराने मास्तर खंगले. मी खोळीत, कोपऱ्यात. त्यांची सून माझ्यावर छत्री अडकवू लागली. फार लागले मला ते.

अशात टपाल वाटणाऱ्या एक बाई मास्तरांच्या घरी बास शिकायला आल्या. वय पंचेचाळीस, बोटे जाड, पण शिकायची हौस दांडगी. मास्तरांनी त्यांच्यासाठी शाळेतला एक बास घरी आणवला. बासने धावायचे नसते, चालायचे असते, हे मास्तरांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. काही महिन्यांनी मास्तरांनी आपल्या नव्या चालीचा कागद बाईंच्या हातात ठेवला आणि आठवडाभरात चाल पक्की करून यायला सांगितले.

आठवड्याने बाई आल्या, तर एक सूर येईल तर शपथ! मास्तर वैतागले.

"अहो, चाल पक्की करा म्हणालो होतो ना?"

"केली की. आठवडाभर एक-दोन-तीन-चार मोजत टपाल वाटलं. जिन्यातसुद्धा चुकले नाही."

"मी गाण्याची चाल म्हणत होतो, बाई."

"मला वाटलं, पायांची."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी बाईंना खोलीत चालायला लावले आणि डोळे मिटून ऐकले. एकही पाऊल मागे-पुढे पडेना. मास्तर उठले आणि त्यांनी आपल्या आखडलेल्या बोटांनी माझी खोळ काढली.

तीन महिन्यांनी शाळेच्या सभागृहात बाईंनी माझ्यावर ती चाल वाजवली. मध्येच ड्रमवाले काका रंगात येऊन सुसाट सुटले, त्यांच्यामागे सॅक्सोफोनही. बाईंची लय मात्र जागची हलली नाही. शेवटी दोघे ओशाळून आमच्या लयीत परत आले. पहिल्या रांगेत मास्तर रडत होते आणि चष्माही पुसत नव्हते. इतक्या वर्षांत मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

नंतर मास्तरांनी मला बाईंच्या स्वाधीन केले.

"ह्याला बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल धरते," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि रोज वाजवा. समोरच राहता तुम्ही. मी खिडकी उघडी ठेवीन."

आता बाई कामावर जाण्याआधी आम्ही तासभर वाजवतो. शेजारी कुरकुरतात. मित्रांनो, आम्हा वाद्यांना नुसते पुसून जपू नका, वाजवून जपा. समोरच्या खिडकीत कोणीतरी कान देऊन बसलेले असते.