अंगणातली पांढरी गाडी

जॉर्डनमधल्या तफीला गावातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचे अर्ज मीच भरतो, कारण माझं अक्षर बरं आहे. अक्कल किती आहे याची मला खात्री नाही. शेजारच्या विधवा उम्म रायेदच्या सरकारी मदतीच्या अर्जात 'गाडी आहे का' या प्रश्नापुढे मी प्रामाणिकपणे 'आहे' लिहिलं. भिंतीपलीकडे गाडीचा पांढरा टप मला रोज दिसायचा. गाडीवाल्यांना मदत मिळत नाही, हे नंतर कळलं.

आठवड्याने मदत कार्यालयातून हनादी नावाची तरुण बाई तपासणीला आली. उम्म रायेद तिला अंगणात घेऊन गेली. मी मान खाली घालून मागे.

"ही बघ गाडी, पोरी. नवरा गेल्यापासून हललेली नाही."

"चालू होत असेल तर मदत नाही मिळायची, खाला. बॉनेट उघडा बघू."

मी उघडलं. इंजिन कधीच विकलं गेलं होतं. त्या जागी एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने हनादीच्या पेनावर चोच मारली. मागच्या सीटवर आणखी सहाजणी होत्या.

हनादीला हसू आवरेना. "अर्ज लिहिला कुणी?"

"या उस्तादांनी. पुस्तकं वाचून वाचून असे झालेत."

"अंडी विकता का? तेही लिहावं लागेल."

"विकायला उरतात कुठे? अर्ज भरल्याच्या बदल्यात रोज दोन हेच नेतात."

माझे कान तापले. हनादीने 'आहे' खोडलं आणि लिहिलं, 'गाडी नाही, खुराडं आहे. मदत द्यावी.'

जाताना ती मला म्हणाली, "उस्ताद, पुढचा अर्ज भरण्याआधी अंगणात एक चक्कर मारा."