त्रेपन्न मार्कांचा पाडा

श्यामकांतने करंजपाड्याला शंभरपैकी मार्क द्यायचे ठरवले तेव्हा पद्मजाला हसू आले नाही. सहा वर्षांच्या संसारात तिला एवढे कळले होते, की हा माणूस कागदावर चौकोन आखू लागला म्हणजे घरात काहीतरी हलणार. मागच्या वेळी चौकोन आखले तेव्हा कपाट स्वयंपाकघरात गेले होते. या वेळी अख्खे घरच जाणार होते.

बदलापुरात राहणारा श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. शेजारच्या कारखान्याला टाळे लागून अकरा महिने झाले होते आणि तिथले चांगले सुटाबुटातले साहेब दुपारी लुंगीवर गॅलरीत उभे दिसू लागले होते. तेव्हापासून याच्या डोक्यात भुंगा शिरला. "पद्मा, तांदूळ, पाणी, दूध, सरपण. या चार गोष्टी स्वतःच्या हव्यात. मग लागू दे टाळं!"

"आणि मीठ?"

"मीठ विकत आणू."

"चला, म्हणजे मी अगदीच जंगलात जात नाही."

बारवी धरणाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून पाऊण तास चढून गेल्यावर हा पाडा. देऊ नावाच्या शेतकऱ्याचा भाऊ कल्याणला राहायला गेला होता. त्याचे घर राहायला आणि शेत कसायला द्यायची देऊची तयारी होती. श्यामकांतने मुद्दाम चैत्र निवडला. "पावसाळ्यात कुठलंही गाव पास होतं. खरी परीक्षा उन्हाळ्यात." साठ मार्क मिळाले तर सोमवारी राजीनामा. नाही मिळाले तर हा विषय कायमचा बंद. तसे त्याने दीड वर्षाच्या जुईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले होते.

त्या डोक्याचीच तर पद्मजाला काळजी होती. मागच्या श्रावणात तापात जुईने डोळे फिरवले होते. पद्मजा अनवाणी धावत डॉक्टरांकडे पोचली ती चार मिनिटांत. तीच चार मिनिटे तिला अजून आठवत. चढण चढताना ती पाऊण तास मोजत होती.

पाड्यात शिरताच श्यामकांत कामाला लागला. विहिरीत दोरी सोडली, माती चिमटीत चोळली, चष्मा वर-खाली केला. देऊ मागे मागे. काही सांगायला त्याने तोंड उघडले, की श्यामकांत हात वर करी. इन्स्पेक्शनचा त्याचा नियमच होता: पार्टीला विचारायचे नाही. पाहायचे आणि लिहायचे.

पद्मजा देऊच्या बायकोकडे, नवसीकडे, ओटीवर टेकली. जुई तोवर अंगणापलीकडच्या शेतात गेली आणि एका काळ्या जळक्या तुकड्यात फतकल मारून बसली. पद्मजा धावली. "अगंबाई! आग लागली होती की काय इथं?"

नवसी पदर तोंडाला लावून हसली. "आग कसली, बाय! राब भाजलाय आमी. शेण, पाला, टहाळ पसरायचा, वर माती टाकायची नि पेटवायचा. पाऊस आला का याच्यातच भात पेरायचं. रोपं कशी तरारून येतात बग!"

"आणि ती बोडकी झाडं? कीड लागलीय ना?"

"कीड तुमच्या बदलापुरात! राबाला टहाळ कुठनं येनार? दरसाल तोडतो, दरसाल फुटतो."

जुईने मूठभर राख गालाला फासली आणि आईला 'घे' म्हणून दिली. पद्मजाने तिला उचलले, तिच्या केसांत नाक खुपसले. राखेचा आणि दुधाचा वास एकत्र. तिला उगीचच वाटून गेले, ही पोर इथे वाढली तर किती छान मळकट होईल.

दुपारी दोघे खाली रस्त्यावर, जांभळीच्या सावलीत एसटीची वाट पाहत बसले. श्यामकांतने कागद पुढे केला. पाणी तीसपैकी सव्वीस. माती वीसपैकी पंधरा. रस्ता दहापैकी चार. झाडे वीसपैकी पाच, कारण 'रोगट, शेंडे गेलेले'. सुरक्षितता वीसपैकी तीन, कारण 'शेतांना वारंवार आगी'.

"त्रेपन्न," तो म्हणाला. "नापास." आणि खेळणे मोडलेल्या पोरासारखा रस्त्याकडे पाहू लागला.

पद्मजाच्या मनात आले, सुटलो! आता फक्त गप्प बसायचे. एसटी येईल, घर येईल, डॉक्टर चार मिनिटांवर येतील.

"हिच्या गालाला काय लागलंय गं?"

"राख," ती म्हणाली. आणि मग जीभ ऐकेना. "अहो, ती आग नव्हती. राब होता. भाताच्या रोपांसाठी भाजतात. झाडंही त्यासाठीच छाटतात. रोग नाही काही."

तो बघतच राहिला. "देऊ बोलला का नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

त्याने पेन्सिल काढली, खाडाखोड केली. "शहात्तर," तो हळूच म्हणाला. चेहरा असा उजळला, की पद्मजाला रडू यायचेच बाकी राहिले.

"पास झाला तुमचा पाडा. पण यात डॉक्टरचा चौकोन नाही. मी परीक्षक असते तर पन्नास मार्क तिथंच ठेवले असते."

तेवढ्यात उतारावरून नवसी धावत आली. हातात जुईचे टोपडे. "इसरलात, बाय!"

श्यामकांत उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पार्टीला विचारले. "वहिनी, इथं पोर आजारी पडलं तर काय करता?"

नवसी टोपड्याच्या नाड्या सरळ करत राहिली. "डोलीत घालतो नि या रस्त्याला आनतो. गाडी मिलली तर मिलली. माजी दोन पोचली. एक नाय पोचली."

तिने जुईला टोपडे घातले, गाठ मारली.

श्यामकांतने नवा चौकोन आखला, त्यात आकडा घातला आणि कागद पद्मजाकडे दिला. शून्य होते.

"सोमवारी नाही," तो म्हणाला. "जुई मोठी होईपर्यंत नाही." मग जरा थांबून, नवसीला, "वहिनी, लावणीला सुट्टी काढून आलो तर चालेल? फुकटात. मला सगळं पहिल्यापासून शिकायचंय."

"या की! चिखलात पाय रुततील, सायेब."

"रुतू दे," पद्मजा म्हणाली. "मी काढीन ओढून."

वळणावर एसटीची धूळ दिसली. नवसीने हात हलवून ती थांबवली.