गिळलेली चूक

आपल्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब धाकट्याने मनात कधीच मांडून ठेवला होता. मॅडमची बदली होणार, म्हणजे टीमप्रमुखाची खुर्ची रिकामी. खुर्चीबरोबर खिडकीजवळची केबिन. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे थोरल्या जावयाचे गोडवे गाणारं सासूबाईंचं तोंड कायमचं बंद. कारण खुर्चीचा दुसरा उमेदवार त्याचा साडूच होता, बायकोच्या ताईचा नवरा. ऑफिसातही दोघांना थोरले-धाकटे म्हणूनच ओळखत.

कंपनी औषधांच्या शीतगोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची. गोदाम तापलं की भोंगा वाजायला हवा, एवढंच. पण प्रोग्राममध्ये काही बिघडलं तर ती चूक पकडायला कोडमध्ये जागोजागी पहारेकरी बसवावे लागतात. शहाणा पहारेकरी चूक पकडून बोंब मारतो. आळशी ती गिळतो आणि सगळं आलबेल असल्याचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका गोदामाचा भोंगा मुका राहिला, तो अशाच एका गिळक्याच्या कृपेने. तेव्हापासून मॅडमना सगळे गिळके हुडकून हवे होते.

धाकट्याने त्यासाठी टूल लिहिलं. ते सगळ्या फायली धुंडाळायचं, पहारेकरी शोधायचं आणि गिळक्यावर लाल खूण करायचं. भोंग्याचा जुना कोड सगळा थोरल्याचा. लाल खुणांचा सडा कुणाच्या अंगणात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मीटिंगमध्ये टूल चालवलं. थोरल्याच्या नावापुढे शून्य आलं.

"एकही नाही?" मॅडम म्हणाल्या. "धाकटे, शिका जरा!"

थोरला चष्मा पुसत राहिला. "जुना हात आहे मॅडम. चालायचंच."

धाकट्याच्या घशाखाली ते शून्य उतरेना. घरी जाऊन त्याने टूल उसवलं, तेव्हा उलगडा झाला. थोरल्याला कोडमध्ये मायबोलीत शेरे मारायची खोड होती: 'हे का चालतं देव जाणे', 'उद्या बघू, बायको ओरडतेय'. ते युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टात लिहिलेले, त्यामुळे टूलला त्या फायली वाचताच येईनात. वाचता आलं नाही तर बोंब मारायची सोडून टूल गुपचूप पुढे जात होतं. गिळके शोधायला निघालेल्याने घरातच एक गिळका पाळला होता.

"सांगितलंस तर हसं होईल," बायको म्हणाली. "नाही सांगितलंस तर खुर्ची भाऊजींची. आणि पुढच्या आठवड्यात चौघांनी समुद्रावर जायचंय. तिथे ताई मला केबिनच्या पडद्यांचे फोटो दाखवत बसेल."

सकाळी चहाच्या मशीनपाशी त्याने थोरल्याला गाठलं.

"साडूबुवा, तुमचं शून्य खोटं आहे."

"ठाऊक आहे. मीच लिहिलाय ना तो कोड."

"मग बोलला का नाहीत?"

"शून्य तुझ्या टूलने दिलं. घरचा माणूस एवढं कौतुक करतोय, मी कशाला मोडता घालू?" थोरल्याने साखर ढवळली. "सांग की मॅडमना. फक्त सुरुवात स्वतःपासून करावी लागेल."

धाकटा मॅडमकडे गेला. अगदीच साधू झाला होता असं नाही. पुढचा भोंगा मुका राहिला, तर बोट आधी टूलकडे वळणार आणि मग ते लिहिणाऱ्याकडे, एवढा हिशेब त्याला जमत होता. पण केबिनच्या दारात त्याचा हात क्षणभर थबकला, हेही खरं.

टूल दुरुस्त होऊन पुन्हा चाललं, आणि भोंग्याच्या फायली गोवर आल्यासारख्या लाल झाल्या.

"एकाने गिळलं," मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याने गिळलेलं झाकलं. तुमच्या सासरी जेवायला काय घालतात हो?" थोरला पहिल्यांदाच खाली बघत होता. "सगळे भोंगे वाजेपर्यंत दोघांचीही रजा रद्द. एका टेबलावर बसा."

बसले. थोरला आपलेच शेरे वाचून दाखवी, धाकटा गिळके बदलत जाई. चाचणीत पहिला भोंगा असा काही कोकलला, की अख्खा मजला दचकला आणि दोघे साडू एकमेकांकडे बघून नको तेवढे हसले.

शेवटी गोळाबेरीज अशी झाली: हे सगळं निस्तरेपर्यंत मॅडमची बदली लांबली, म्हणजे खुर्ची कुणालाच नाही. औषधं गार राहिली. सहलीत दोन जागा रिकाम्या झाल्या, तिथे सासू-सासरे बसले. समुद्र त्यांनी बघितला, रजा जावयांची गेली.