काळ चोघडियातली गाडी

तुम्ही काहीही म्हणा, सूड गोड असतो. मी तो कितीतरी वर्षं पोटात सांभाळला, आणि परवा तो आपल्या पायांनी चालत माझ्या हातात आला. तोही जर्मनीतल्या ट्रेनच्या तिकिटावरून.

हंसाभाभी माझी मोठी जाऊ. डहाणूत आमची चिकूची वाडी, आणि वाडीत पान हलायचं तरी भाभींना विचारून. त्यांचं माहेर गुजरातेतल्या उंबरगावचं, तिथून हे चोघडियाचं खूळ घरात आलं. दिवसाचे दीड-दीड तासाचे तुकडे. अमृत चांगला, शुभ चांगला, काळ वाईट. चोघडिया बघितल्याशिवाय भाभी उंबरठा ओलांडत नाहीत, आणि दुसऱ्याला ओलांडू देत नाहीत. आमचा चिकूचा टेम्पोसुद्धा अमृत लागल्यावरच सुटतो.

माझ्या माहेराहून, तलासरीहून, आईचा फोन आला, "बाबांचं काही खरं नाही, असशील तशी ये," तेव्हा गाडीची किल्ली भाभींच्या कमरेला होती. म्हणाल्या, "आत्ता काळ चालू आहे. वाईट वेळेला निघालीस तर वाईटच कानावर येईल. थोडं थांब." मी रडले, त्यांचे पाय धरले. माझा नवरा विपुल खाली मान घालून उभा, नुसता नंदीबैल! मी पोचले तेव्हा बाबांच्या पायांचे अंगठे बांधून झाले होते.

तेराव्याला भाभी आल्या आणि "कोणाच्या हातात असतं गं" म्हणून लाडू खाऊन गेल्या. पण मी विसरले असेन तर शपथ.

आता त्यांच्या लेकीला, ऋचाला, जर्मनीत दिवस भरत आलेत. भाभींना बाळंतपणाला जायचंय, पण इंग्रजीचा गंध नाही, म्हणून सोबतीला मी. विमान शनिवारी फ्रँकफर्टला उतरणार, पुढे ऋचाच्या गावापर्यंत ट्रेन. ऋचाने व्हिडिओ कॉलवर समजावलं, "काकी, तिकीट आधी काढलंस तर स्वस्त पडेल, पण मग तीच गाडी धरावी लागेल. सोडलीस की तिकीट फुकट. ऐनवेळी काढलंस तर महाग, पण कुठल्याही गाडीत बस."

"ऐनवेळीच काढू!" भाभी मागून ओरडल्या. "डहाणू रोडला कोण आधी तिकीट काढून ठेवतं? खिडकीवर जायचं, घ्यायचं, बसायचं. चोघडिया बघून गाडी धरू."

"इथला चोघडिया की तिथला?" मी विचारलं.

"इथलाच! त्यांचा सूर्य काय वेगळा आहे? आपल्या कॅलेंडरात आहे तोच."

बरं, म्हटलं. दुपारी त्या आडव्या झाल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. शनिवारी आपल्याकडे सांजेला काळ लागतो. तेव्हा तिकडे दुपार, आणि नेमकी त्याच वेळेला एक गाडी सुटते. वा रे वा! मोबाईलवर दोघींची नावं भरली, फक्त पैसे भरायचे ठेवले. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. गाडी समोर उभी, दार उघडं, आणि भाभींचा पाय उचलेना. तिकडे लेकीला कळा सुटल्यात. ऋचाचा बिचारीचा काय दोष, असं एकदा मनात आलं. पण माझ्या बाबांचा तरी काय होता?

हे गुपित फ्रँकफर्टपर्यंत ठेवायचं होतं. पण मला त्यांचं तोंड उतरलेलं आत्ताच बघायचं होतं, राहवेना. संध्याकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, "भाभी, तिकीट आधीच काढतेय. गाडी बरोबर काळात सुटते. ती सोडता येणार नाही."

भाभींनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"लवकर पोचवते ना? मग काढ की. डॉक्टरनी सांगितलंय, कधीही होईल म्हणून. लेकीकडे जायला कसला आलाय चोघडिया!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकून होते, पण असं, चहा पिता पिता? त्यांचा खरंच विश्वास असता तर मी एक वेळ माफ केलं असतं. बाई वेडी आहे म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण ही बाई वेडी नव्हती. तिला माझ्या बाबांची फक्त पर्वा नव्हती.

मी मोबाईल उचलला. दोन प्रवाशांपैकी एक नाव पुसलं.

"काय केलंस?"

"माझं एकटीचं काढतेय. तुम्ही खिडकीवर घ्या."

आधी त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली.

"अगं, मला तिथलं काय कळणार? कोणाला विचारू, कुठे चढू? चुकेन मी. बाळंत होईपर्यंत पोचलेच नाही तर?" त्यांनी माझा हात धरला. "असं नको करू, नूतन. ऋचा माझी वाट बघत असेल गं!"

"माझे बाबाही बघत होते," मी म्हटलं, आणि पैसे भरले.