मागून ढकलणारं चाक

वेदिकाने घराच्या दारात बसून चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि नट आवळायला घेतला. तो शेवटच्या आट्यावर येऊन अडकला, तेव्हा तिने पान्यावर तळहात टेकवून सगळं अंग त्यावर टाकलं.

भंगारात निघालेल्या ई-स्कूटरचं ते मोटरवालं चाक होतं. त्याभोवती तिने लोखंडी नळ्यांची चौकट वेल्ड करून घेतली होती. ही चौकट सायकलच्या मागे जोडायची, तिच्यावर बॅटरी आणि ऑक्सिजनचं लहान सिलिंडर बांधायचं, आणि हँडलवरचा एक्सलेटर पिळला की हे चाक मागून सायकल ढकलत नेणार. पेडल मारायची गरजच नाही. अंबडच्या ज्या वर्कशॉपमध्ये ती पॅनलचं वायरिंग करायची, तिथे आठ आठवडे जेवणाच्या सुट्टीत तिचं हेच चाललं होतं. सायकल तिची स्वतःची, लेडीज. नानांना पाय वरून टाकावा लागू नये म्हणून.

आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. नाना, तिचे वडील, दहा महिने त्या मशीनला बांधलेले होते. बावीस वर्षं फाउंड्रीत गेली, रोजचं जाणं-येणं सायकलवर. आता तिथल्या धुळीने फुप्फुसं कडक झाली होती. नाकातली नळी निघाली की मोरीपर्यंतही जाववत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ती नळी त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. आई दळण आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि नळी उशाशी होती, घडी घालून ठेवलेली. "घडी घातली होती गं," आई नंतर कितीतरी वेळा म्हणाली. बाकी काही तिला सांगताच यायचं नाही.

तेव्हापासून आई घराबाहेर पडली नव्हती. खाटेसमोरच्या खुर्चीत ती दिवसभर बसून असायची. अंघोळसुद्धा वेदिका घरी असली तरच.

नळी पुन्हा लावली त्या संध्याकाळी नाना एवढंच बोलले होते, "एकदा तोंडाला वारा लागाया पायजे होता." वेदिकाने तेवढंच धरून ठेवलं. हाताशी दुसरं काही नव्हतं.

रविवारी चारच्या सुमारास सगळं जोडून झालं. काळे हात तसेच घेऊन ती आत गेली.

"नाना, तयार झालंय. आज नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत. मी बाजूने चालते."

नानांनी दारातून दिसणाऱ्या सायकलकडे पाहिलं. मग ते कुशीवर वळले.

"मला नाय जमायचं आता, पोरी."

"पेडल मारायचंच नाही. नुसतं बसायचं."

"बसायला बी दम लागतो. राहू दे."

वेदिका तिथेच उभी राहिली. पुढचं काही तिने ठरवलेलंच नव्हतं.

आई खुर्चीतून उठली. ओढणी तिने कमरेला घट्ट बांधली.

"मी दाखवते चालवून," ती म्हणाली. "बघा तरी."

एक्सलेटर कसा पिळायचा, ब्रेक कुठला, हे वेदिकाने तिला दोनदा दाखवलं. चाक गुणगुणलं आणि सायकल निघाली. गल्लीच्या टोकाशी आई मोठ्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली.

दहा मिनिटं झाली. मग अर्धा तास. वेदिकाने फोन लावला, तो घरातच फळीवर वाजला.

तिने चपला घातल्या आणि दारात थबकली. नानांना एकटं टाकून कसं जायचं? शेजारच्या घराला कुलूप होतं. तिने चपला काढल्या आणि आईच्या खुर्चीत येऊन बसली. तिथून नानांची छाती वरखाली होताना दिसत होती, आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं.

साडेपाचला नाना उठले. भिंतीला धरत, थांबत थांबत उंबऱ्यापर्यंत आले. नळी तिथवरच पुरत होती. ते खाली बसले.

"कोणाला तरी पाठवते शोधायला," वेदिका म्हणाली.

"नको."

"काही झालं असेल तर?"

नानांनी श्वास पुरा होऊ दिला. "गेली आसंल. जाऊ दे तिला."

वेदिकाने त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

सहा वाजून गेल्यावर आई आली. मोटर बंद होती. मागची जड चौकट ओढत, पेडल मारत ती येत होती. केस सुटले होते, कपाळावर धूळ बसली होती.

"कुठे गेली होतीस?"

"विल्होळीच्या पुढं."

"आई, तो हायवे आहे."

"वळायला गेलं की ते मागून आडवं ढकलतंय. म्हणून सरळच गेले." सायकल भिंतीला लावताना तिने वर पाहिलं नाही. "मग बॅटरी संपली."

"आणि संपली नसती तर?"

उंबऱ्यावर नाना बसले होते आणि त्यांच्यामागे नळी ताणली गेली होती. आईने ती एका हाताने अलगद उचलून धरली, खालून वाकून आत गेली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली.

वेदिका नानांच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली.

"वेदे," नाना म्हणाले, "ते वळताना ढकलतंय, ते नीट होईल का?"

"होईल. चौकट सायकलला जोडलीय त्या सांध्याची जागा बदलावी लागेल."

"बदल." त्यांना दम लागला होता. तो ओसरेपर्यंत वेदिका थांबली. "म्हंजे तिला जाऊन येता येईल. रोज गेली तरी चालंल. सांग तिला, नळीला हात नाय लावायचो मी."

सांगायची गरज नव्हती. घर दोनच खोल्यांचं होतं.

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. त्यावर भांडं ठेवल्याचा मात्र बराच वेळ आला नाही.