येळवशीचा ससा

मी पाखऱ्या बोलतोय. जातीनं कारवानी, शिकारी कुत्रा. अंगावर मांस कमी, पाय लांब, छाती खोल. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्यासारखे पूर्वी घरोघर होते. आता तिघेच उरलोत.

माझा जन्म कडब्याच्या गंजीआड झाला. पाच पिल्लांतून सटवाजीनं मला उचललं. मला तळहातावर घेऊन म्हणाला, "चल रं घरी." त्याच्या घरात मी वाढलो.

पळायला मला कुणी शिकवलं नाही. आणायला मात्र सटवाजीनं शिकवलं. धरलेला ससा फाडायचा नाही, तसाच मालकाच्या पायाशी आणून ठेवायचा. तुरी निघाल्या की गावातली दहाबारा माणसं आम्हाला घेऊन रानात जायची. भांडण असलेले भाऊसुद्धा त्या दिवशी एका रांगेत चालायचे. वाटे सगळ्यांचे सारखे पडायचे.

खोटं कशाला बोलू, ससे कमी होत चालले होते. सकाळभर हिंडावं तेव्हा एखादा उठायचा. शिकारीवर बंदी घालणारा कायदा फार जुना आहे म्हणतात, पण आमच्या गावात तो दोन वर्षांपूर्वी पोचला, जीपमधून. जंगलखात्याच्या लोकांनी रानातच सगळ्यांना गाठलं. सटवाजीनं कागदावर अंगठा दिला. साहेबानं बजावलं, "पुन्हा सापडलास तर केस होईल. तुरुंगात जाशील, आणि कुत्रंबी जप्त."

त्या दिवसापासून माझ्या गळ्यात लोढणं आलं. बाभळीचा हातभर ओंडका. चाललं की गुडघ्यावर आदळायचा. सटवाजी रोज माझ्या गुडघ्यांना तेल चोळायचा. मिळून रानात जाणं थांबलं. ते भाऊ आता एकमेकांकडं बघतही नाहीत. हरभऱ्यात रानडुकरं खुशाल लोळून जायची आणि मी बांधावरून बघायचो.

काल येळवस होती, वेळा अमावस्या. आमच्याकडं त्या अमावस्येला घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव शेतात असतं. कडब्याची खोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, ओळख असो नसो.

सकाळीच सटवाजीची सून सिंधू म्हणाली, "मामा, आज बैलालाबी जू न्हाई. ह्याच्या गळ्यातलं काढू का?"

सटवाजीनं माझ्या गुडघ्यांवरून हात फिरवला. "काढ. पण ध्यान ठिव."

दुपारी रस्त्यानं एक मोटारसायकल चालली होती. सिंधूनं बांधावरून हाक मारली, "ओ भाऊ, जेवून जावा."

"घाई हाय ताई."

"येळवशीला कुणाला घाई असती? भज्जी गार व्हायलीय, बसा."

तरुण बसला. नाव सोमेश. सटवाजीनं स्वतःच्या हातानं आंबील वाढली. "कुठं असता पाव्हणं?"

"जंगलखात्यात. गार्ड हाय. ह्याच महिन्यात बदलून आलो इकडं."

सटवाजीच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. त्याची नजर मला शोधत फिरली. मी हरभऱ्याच्या कडेला होतो. नेमका त्याच वेळी चार हातांवर ससा उठला.

पाठ दिसली आणि माझे पाय सुटले. मागून सटवाजी ओरडला, "पाखऱ्या, माघारी फिर." ते मला ऐकू आलं, हे कबूल करतो. पण दोन वर्षांनी गळा हलका होता.

ससा घेऊन आलो. शिकवल्याप्रमाणे, न फाडता, मालकाच्या पायाशी ठेवला आणि शेपूट हलवली.

"मेलेला घावला असल त्याला," सिंधू घाईनं म्हणाली. "वढ्याला पडलेले असतेत भाऊ कधी कधी."

"न्हाई," सटवाजी म्हणाला. "ह्याच्याच दातानं मेलाय. अजून ऊन हाय अंग."

"मामा, गप बसा की."

सोमेशनं घास ताटात ठेवला. "बाबा, अगोदर कधी नाव लागलंय का तुमचं?"

"लागलंय. दोन वर्सं झाली."

"मग अवघड हाय."

"असू द्या साहेब. ताटावरून मात्र उठू नका. आजच्या दिवशी कुणी उपाशी जाऊ ने."

तो खाली मान घालून जेवला. हात धुऊन म्हणाला, "ससा टोपल्याखाली झाकून ठेवा. आज मी पाव्हणा. उद्या सकाळी ड्युटीवर येतो."

"यावं," सटवाजी म्हणाला.

"डुकरानं हरभरा लोळवला तवा अर्ज दिला होता," सिंधू म्हणाली. "त्या दिवशी कुणाची ड्युटी नव्हती वाटतं." सोमेश उठला. गाडी सुरू न करता त्यानं ती रस्त्यापर्यंत ढकलत नेली.

दिवस मावळताना शेजारचा रामलिंग आला. "कुत्रं माझ्या सासरवाडीला भालकीला नेऊन सोडतो. तिकडं कर्नाटकात कोन विचारतंय? पळून गेलं म्हणून सांग."

"मी त्याला यावं म्हटलंय."

"येऊ दे की. कुत्रं नसल्यावर काय नेतोय, तुझं धोतर?"

सटवाजीनं मला जवळ ओढलं. "जेवला तो आपल्यात. त्याच्याशी कसं खोटं बोलू?"

आज सकाळी सटवाजीनं मला दुधात भाकरी चुरून दिली. मी तोंड लावलं नाही. आता आम्ही दोघं अंगणात बसलोत. त्याचा हात माझ्या पाठीवर आहे.

तुमच्या कायद्यात मला गुन्हेगार म्हणत नाहीत म्हणे, मुद्देमाल म्हणतात. न्या मला, बांधून न्या. पण ससा मी धरला, ह्या म्हाताऱ्यानं नाही. त्यानं मला माघारी बोलावलं होतं. एवढं कुणीतरी त्या कागदावर लिहा. मला लिहिता येत नाही.

ओढ्याच्या पलीकडून मोटारसायकलचा आवाज येतोय. सटवाजीला तो ऐकू यायला अजून थोडा वेळ आहे. एरवी असा आवाज आला की माझे कान उभे राहतात, आणि त्यावरून त्याला कळतं, कुणीतरी येतंय. आज मी कान पाडून ठेवलेत.